मीटरच्या डक्टला नकार: सांगलीतल्या एका जुन्या इमारतीत फायबर टाकताना

इमारत जुन्या सांगलीतली, मारुती रोडपासून चालत पाच मिनिटांवर. खाली रस्त्याच्या बाजूला सहा गाळे. पहिल्या मजल्यावर दातांचा दवाखाना, एका सीएंचं ऑफिस, एक क्लास आणि दोन बिऱ्हाडं. त्यावर तीन मजले, प्रत्येक मजल्याला पाच फ्लॅट. म्हणजे २६ जोडण्या. बांधकाम नव्वदच्या दशकातलं, लिफ्ट मागाहून बसवलेली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी गाळ्यांत शिरलं होतं, २०२१ च्या जुलैत पुन्हा. गाळेवाल्यांनी दोन्ही वेळची खूण भिंतीवर ऑइल पेंटनं करून ठेवली आहे. हे आमच्या कामाला फार उपयोगी पडलं, ते पुढे येईलच.

सोसायटीची मागणी साधी होती. घरोघरी लोंबणाऱ्या काळ्या वायरी काढायच्या, सगळ्यांना आतून इंटरनेटची एकच नीटनेटकी फायबर लाइन द्यायची, आणि उद्या कुणाला दुसऱ्या कंपनीचं कनेक्शन हवं असेल तर पुन्हा भिंती फोडायला लागू नयेत. सेक्रेटरी काका बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी पहिल्याच भेटीत तोडगाही सांगून टाकला. "मीटरचा डक्ट आहे की ओ. खालपासून वरपर्यंत मोकळा. टीव्हीची वायर त्यातनंच गेलीय. आणि तुमची ती काचेची वायर, तिला कुठला आलाय शॉक?"

हे वाक्य आमच्या धंद्यात रोज ऐकायला मिळतं, आणि ते अर्धं खरं आहे. काचेतून वीज वाहत नाही. शेजारी ४४० व्होल्टची केबल असली तरी सिग्नलवर तिचा काही परिणाम होत नाही. पण शॉक काचेला बसत नाही, ती ओढणाऱ्या पोराला बसतो. त्या डक्टमध्ये २६ गाळे-घरांची मेन लाइन, जुने कटआउट (फ्यूज), काही ठिकाणी उघडे पडलेले जोड, आणि मीटरच्या पेट्यांना वीज कंपनीचं सील. सील आम्हाला तोडता येत नाही, आणि न तोडता आत हात घालायचा म्हणजे काय चाललंय ते न बघता घालायचा.

दुसरं कारण नियमाचं. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६, तिच्या आग आणि जीवसुरक्षेच्या भागात स्पष्ट लिहिलं आहे की विजेच्या केबलींचा शाफ्ट वेगळा हवा, प्रत्येक मजल्यावर तो आगरोधक सामानानं बंद केलेला हवा, आणि टेलिफोन, इंटरकॉम, पाणी, गॅस यांतलं काहीही त्या डक्टमधून नेऊ नये. जुन्या इमारतीला हे कुणी कधी विचारत नाही, हे खरं. पण डक्टमधलं एखादं जळकं टर्मिनल पेटलं की ते इमारतीचं वय विचारत नाही.

काकांना मी टॉर्च घेऊन डक्टचं दार उघडून दाखवलं. हात कुणीच घातला नाही, नुसतं बघितलं. आधीच्या केबलवाल्यानं वायरींचा जुडगा वर नेताना प्रत्येक स्लॅबला हाताच्या पंजाएवढं भोक पाडलं होतं. दुसऱ्या मजल्यावरचं भोक गोणपाटाच्या तुकड्यानं बुजवलेलं, तिसऱ्यावर जुनं वर्तमानपत्र कोंबलेलं, चौथ्यावर काहीच नाही, त्यात कबुतराची पिसं. खाली ठिणगी पडली तर हा डक्ट चुलीच्या धुराड्यासारखा ओढणार आणि धूर सरळ चौथ्या मजल्यावरच्या बिऱ्हाडांत निघणार. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मग दुसरी वाट कुठाय?"

वाट शोधणं

अशा कामात केबलचं रीळ उघडण्याआधीच बहुतेक धोके ठरून गेलेले असतात, चांगले किंवा वाईट. म्हणून पाहणीला आम्ही घाई करत नाही. मीटरचा डक्ट धरून इथे पाच वाटा होत्या.

बाहेरून, दर्शनी भिंतीवरून वायर सोडायची, ही सगळ्यांत स्वस्त. त्यासाठी पोरगं छज्जावर उभं करावं लागतं. तीस वर्षांचे छज्जे, खालून सळई दिसतेय, प्लास्टर सुटलेलं. पायाड किंवा झुला बांधायचा तर खर्च आतल्या वाटेच्या पुढे जातो, आणि पायाडाशिवाय छज्जावर माणूस चढवायचा नाही, यावर चर्चा होत नाही. लिफ्टचा शाफ्ट तर विचारातही घ्यायचा नाही. लिफ्टशी संबंध नसलेली कुठलीही वायर तिथे चालत नाही, आणि शाफ्टमध्ये उतरणं हे लिफ्टच्या माणसाचं काम. संडास-बाथरूमच्या पाइपांचा डक्ट ओला, वर पत्र्याचं झाकण. तो पत्रा सिमेंटचा, म्हणजे ॲस्बेस्टॉसचा. असल्या पत्र्याला ड्रिल मारायचं नाही कारण त्याची धूळ फुफ्फुसात जाते, आणि त्यावर पाय द्यायचा नाही कारण तो जुना झाला की वजन पेलत नाही. पत्र्यातून खाली गेल्याच्या बातम्या दर वर्षी येतात, आणि त्या बहुतेक असल्याच किरकोळ कामांच्या असतात.

पाचवी वाट वॉचमन मामांनी दाखवली. जिन्याशेजारी प्रत्येक मजल्यावर एक अरुंद लाकडी दार होतं, रंगाचे थर बसून भिंतीत मिसळून गेलेलं. आत झाडू, फिनेलच्या बाटल्या, गणपतीच्या मंडपाचे बांबू. हा मूळचा टेलिफोनचा डक्ट. त्या काळी प्रत्येक घरात लँडलाइन यायची म्हणून बिल्डरनं तो ठेवलेला. रुंदी जेमतेम दीड फूट, पण आम्हाला तेवढी भरपूर. मजल्यामजल्याला स्लॅबमध्ये आधीचंच चौकोनी भोक, म्हणजे नवीन काही फोडायचं नव्हतं. स्लॅबला, बीमला, कॉलमला भोक पाडायचं म्हटलं की सळई तुटण्याची भीती असते. ती आपोआप टळली.

आत तांब्याच्या जोड्यांचा गुंता होता आणि सगळ्या मेलेल्या आहेत असं सगळेच सांगत होते. "मेलेली आहे" हे कुणाच्या तोंडून ऐकून आम्ही वायर कापत नाही. व्होल्ट मोजायचा मीटर लावून बघितलं तर एक जोडी चालू निघाली, सीएंच्या ऑफिसची. लँडलाइनवर एरवी उणे ४८ व्होल्ट डीसी असतो, तो हाताला फारसा जाणवत नाही. पण घंटी वाजताना त्याच तारेवर ७५ व्होल्टच्या आसपास एसी येतो. अरुंद जागेत, शिडीवर, घामेजल्या हातांनी तो बसला तर माणूस दचकून मागे जातो आणि मागे जिना असतो. ती जोडी खूण करून बाजूला बांधली, बाकीच्या काढल्या.

गच्चीवरचा प्रकार

जुन्या टीव्ही केबलला सपोर्ट म्हणून स्टीलची मेसेंजर वायर होती. रस्त्यावरच्या विजेच्या खांबावरून ती थेट गच्चीवर यायची आणि पाण्याच्या टाकीच्या जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपला गुंडाळलेली होती. पोरानं सवयीनं टेस्टर लावला. पेटला.

टेस्टरचा निऑन दिवा नुसत्या शेजारच्या लाइनच्या इंडक्शननंही, म्हणजे न चिकटता येणाऱ्या विजेनंही, मिणमिणतो, म्हणून वायरमन लोक त्यावर विश्वास ठेवत नाहीत. वायरमननं टेस्ट लॅम्प लावला, म्हणजे होल्डरमधला साधा बल्ब. तोही मंद लागला. म्हणजे खरोखर करंट होता. खांबावर मेसेंजर घासून घासून सर्व्हिस वायरचं (खांबावरून घरांना वीज देणाऱ्या तारेचं) प्लास्टिक सोललं गेलं होतं. गच्चीवर कपडे वाळत घालतात, टाकी धुतात, आणि तोच पाइप खाली प्रत्येक नळाला जातो. आम्ही लगेच सगळ्यांना गच्चीवरून खाली काढलं, दाराला कुलूप घातलं, वीज कंपनीच्या लाइनमनला बोलावलं. खांबावरून ती वायर त्यानं सोडवली, नंतर गच्चीवरून आम्ही. क्रम उलटा करायचा नाही, कारण इकडून आधी सोडली तर ती चालू वायर रस्त्यावर लोंबते.

यातून नव्या कामाचा एक नियम सोसायटीनं स्वतःच लिहून घेतला: इमारतीत शिरणाऱ्या फायबरमध्ये धातू नको. पेठेत मिळणाऱ्या बऱ्याच चपट्या ड्रॉप केबलमध्ये (खांबापासून घरापर्यंत येणाऱ्या) आधाराला स्टीलची तार असते. ती ताणायला बरी, पण विजेच्या तारेवर पडली की वीज घरापर्यंत आणते, आणि एप्रिल-मेमधल्या वळवात आकाशातली वीज पडली तर तीही. एफआरपीच्या, म्हणजे काचतंतू-प्लास्टिकच्या दांड्यांवर बेतलेली केबल थोडी महाग पडते. तीच आणली. स्टीलची वापरायची वेळ आलीच तर मेसेंजर इमारतीबाहेरच हुकाला अडकवून तोडायचा, आत फक्त फायबर न्यायची. पण हे करायला लोक कंटाळतात, मग न आणलेलीच बरी.

गच्चीवर आणखी एक गोष्ट होती. टीव्हीवाल्याचा डबा, त्यातून एक फायबर बाहेर लोंबतेय, कनेक्टरची टोपी गायब. सगळ्यांच्या मते ही लाइन बंद, कारण इमारतीत आता त्याचे ग्राहकच नाहीत. आमच्या पोरांना पहिल्या दिवसापासून सांगितलेलं असतं की टोकात डोकवायचं नाही. फायबरमधला प्रकाश १३१०, १४९० किंवा १५५० नॅनोमीटरचा असतो. डोळ्याला तो दिसत नाही, त्यामुळे डोळा आपणहून मिटतही नाही. प्रकाशाची ताकद मोजणारा मीटर लावला. पण कुठला, तेही बघावं लागतं. आपल्याकडचे स्वस्त मीटर अधिक १० डीबीएमपर्यंतच (डीबीएम हे ताकदीचं एकक) मोजतात. केबल टीव्हीच्या लाइनवर ॲम्प्लिफायर असतो, तिथे अधिक २६ पर्यंतचा मीटर लागतो. रीडिंग आलं अधिक १६, म्हणजे ४० मिलिवॅटच्या घरात.

तुलनेला सांगतो. इंटरनेटच्या फायबरवर घरात पोचणारी ताकद उणे १८ डीबीएमच्या आसपास असते, मिलिवॅटचा साठावा भाग. ती डोळ्याला सहसा इजा करत नाही. या लोंबत्या टोकात तिच्या अडीच हजारपट ताकद होती, आणि त्याच गच्चीवर पोरं पतंग उडवतात. टोपी बसवली, टेपनं बंद केलं, वर पिवळी चिठ्ठी, आणि त्या ऑपरेटरला सोसायटीकडून लेखी पत्र.

केबल कुठली, का

बाहेरची फायबर काळ्या पॉलिथिलीनच्या आवरणाची, आत जेली. उन्हापावसाला ती उत्तम, घरात मात्र वाईट. पॉलिथिलीन मेणबत्तीगत जळतं आणि जळतं थेंब खाली पाडतं. उभ्या डक्टमध्ये लावली तर उन्हाळ्यात जेली झिरपून खालच्या डब्यात जमते. साधं पीव्हीसी जळलं की हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो, तो ओलसर डोळ्यांत-घशात आम्ल बनतो. जिन्यातून उतरणाऱ्या माणसाला आगीच्या आधी धूरच गाठतो. म्हणून आत एलएसझेडएच, म्हणजे कमी धूर आणि हॅलोजन नसलेलं आवरण. दुकानात ही मागितली की तीच आहे म्हणून साधी गळ्यात मारतात. आवरणावरची छपाई वाचून घ्यायची, आणि छपाई नसलेली केबल परत करायची.

आतली काच जी.६५७.ए२ प्रकारची घेतली. जुन्या जी.६५२ काचेला वळण ३० मिलिमीटर त्रिज्येपेक्षा लहान चालत नाही. ए२ ला साडेसात मिलिमीटरपर्यंत चालतं. घरातल्या कोपऱ्यांना, दाराच्या चौकटींना याचा फायदा होतो. पण लोकांना वाटतं की ही वाकवता येते म्हणजे दुमडता येते. केबल ओढताना तिच्या जाडीच्या २० पट आणि बसवल्यावर १० पट त्रिज्या ठेवायची, हा हिशोब ए२ लाही लागू.

बाहेरची आणि आतली केबल जिथे भेटतात तो डबा सहसा तळमजल्यावर, जिन्याखाली लावतात. हात पोचतो, काम लवकर होतं. इथे भिंतीवरच्या पुराच्या खुणा बघून तो पहिल्या मजल्याच्या चौकात, म्हणजे जिन्यालगतच्या मोकळ्या जागेत, घेतला. फायबरच्या डब्यात वीज नसते, त्यामुळे तो बुडाला तरी कुणाला शॉक नाही. पण गाळ कनेक्टरच्या तोंडात बसला की सगळ्या २६ जोडण्या एकदम झोपतात, आणि पूर ओसरल्यावर नेमका त्या आठवड्यात प्रत्येकाला पंचनाम्याचे फोटो पाठवायला इंटरनेट लागतं. गाळ्यांमधले राऊटर मात्र विजेवर चालतात, म्हणून त्यांचे प्लग आणि डबे २०१९ च्या खुणेच्या वर लावले. एका दुकानदारानं कुरकुर केली की माळ्यावर चढून कोण बटण दाबणार. त्याच्या वडिलांनी त्याला गप्प केलं.

पहिल्या मजल्यावरून प्रत्येक मजल्याला १२ कोअरची, म्हणजे आत १२ काचतंतू असलेली, स्वतंत्र केबल. लागतात पाच, गाळ्यांना सहा. उरलेल्या दुसऱ्या कंपनीसाठी आणि बिघाडासाठी राखीव. मुख्य डब्यात १:३२ चा स्प्लिटर, म्हणजे एका फायबरमधला प्रकाश ३२ वाटांत विभागणारा भाग. त्यात साधारण १७ डीबी (ताकदीतली घट मोजायचं माप) जातात. इमारतीत येणारी ताकद अधिक १ डीबीएमच्या आसपास, जोड आणि कनेक्टर मिळून एक-दीड डीबी, म्हणजे घरात उणे १७ ते १९ यायला हवं. घरातलं यंत्र उणे ८ ते उणे २७ या पट्ट्यात चालतं. हा हिशोब आधी कागदावर मांडला की नंतर एखादं रीडिंग चुकलं तर लगेच डोळ्यात येतं.

प्रत्यक्ष काम

रीळ चौथ्या मजल्यावर नेलं आणि केबल वरून खाली सोडली. खालून वर ओढली की सगळं वजन आणि ताण एका टोकावर येतो. वरून सोडली की केबल स्वतःच्या वजनानं उतरते, आणि प्रत्येक मजल्यावरच्या माणसानं फक्त तिला दिशा द्यायची. चौथ्याची, तिसऱ्याची, दुसऱ्याची, या क्रमानं. गाळ्यांची पहिल्यावरून खाली. प्रत्येक मजल्यावर केबलला वेल्क्रोची पट्टी. प्लास्टिकचा झिप टाय करकचून ओढायची सवय सगळ्या वायरमनांना असते, आणि तो ताण काचेला महिन्याभरानं कळतो.

जिना ही आगीच्या वेळी बाहेर पडायची एकमेव वाट. मजल्याच्या बोळातून घरापर्यंतची केबल प्लास्टिकच्या केसिंग पट्टीतून नेली, पण पट्टीच्या आत दर अर्ध्या मीटरवर स्टीलची क्लिप भिंतीला ठोकली. हे जास्तीचं काम बघून काकांनी कारण विचारलं. इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टन शहरातल्या शर्ली टॉवर्स या इमारतीला एप्रिल २०१० मध्ये आग लागली, तेव्हा प्लास्टिकची पट्टी वितळून वायरी खाली लोंबल्या, त्यांत अग्निशमन दलाची माणसं अडकली आणि दोघांचा जीव गेला. त्यानंतर तिथे वायरिंगच्या नियमांत आगीत लवकर न कोसळणारा, म्हणजे सहसा धातूचा, आधार सक्तीचा झाला. आपल्याकडे अशी क्लिप कुणी मागत नाही. ती स्वस्त असते, वेळ तेवढा जातो.

प्रत्येक घराच्या भिंतीला ड्रिल मारण्याआधी घरातल्यांना विचारायचं की या भिंतीत कुठे बोर्ड आहे, नळ कुठून गेलाय. बोर्डाच्या सरळ वर आणि सरळ खाली कन्सिल (भिंतीत लपवलेली) वायर असते असं धरून चालायचं. भिंतीतली वायर शोधणारा डिटेक्टर फिरवायचा, आणि ड्रिल लावायची ती आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) असलेल्या बोर्डातूनच. बाहेरच्या भिंतीचं भोक बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं, नाहीतर पावसाचं पाणी केबलवरून चालत बैठकीत येतं.

दवाखान्यात डॉक्टर मॅडमनी आम्हाला आतल्या खोलीची भिंत दाखवून सांगितलं, "इथनं सरळ येईल की." ती भिंत एक्स-रेच्या खोलीची होती. त्या खोलीचं संरक्षण अणुऊर्जा नियामक परिषदेच्या नियमांत बसवलेलं असतं. त्यात आपण एक भोक पाडलं की किरणांना वाट मिळते. मॅडमच्या लक्षात येताच त्या स्वतःच "नको नको" म्हणाल्या. वाट प्रतीक्षालयाच्या बाजूनं घेतली.

काच कापायची कुठे

या कामात मी सगळ्यांत आग्रही असतो तो इथे. फायबर सोलताना, कापताना काचेचे तुकडे पडतात. जाडी १२५ मायक्रॉन, म्हणजे केसाच्या आसपास, आणि पारदर्शक. सतरंजीत पडला तर दिसत नाही, तळव्यात शिरला तर काढणं अवघड, डोळ्यात गेला तर सरळ डॉक्टर. रांगणारं मूल असलेल्या घरात हॉलच्या मध्यावर बसून कनेक्टर कापणारे लोक मी बघितले आहेत. तुकडे पायानं बाजूला सारतात.

म्हणून घरांत काच कापायचीच नाही असं ठरवलं. मजल्यावरच्या डब्यापासून घरापर्यंत कारखान्यातच दोन्ही बाजूंना कनेक्टर लावलेल्या तयार केबली आणल्या, १५, २० आणि ३० मीटरच्या. जास्तीची लांबी डब्यात गुंडाळी करून राहते. जागा खाते आणि पैसेही, पण २६ पैकी एकाही घरात क्लीव्हर (काच कापायचं हत्यार) उघडावा लागला नाही. सगळी जोडणी पाच चौकांत झाली.

चौकात टेबल, त्यावर काळी चटई, कारण काळ्यावर काच चमकते. जोडणाऱ्याच्या डोळ्यांवर चष्मा. क्लीव्हरमधून पडणारा प्रत्येक तुकडा चिमट्यानं उचलून फिरकीच्या झाकणाच्या बाटलीत. शेवटी चटईवर चिकटपट्टी दाबून उरलेसुरले उचलायचे आणि बाटलीवर "काच" लिहून ती सील करायची; ती घंटागाडीत सुटी टाकायची नाही. कनेक्टर पुसायच्या आयपीएची (आयसोप्रोपिल अल्कोहोलची) बाटली स्प्लायसरपासून, म्हणजे काचेची टोकं वितळवून जोडणाऱ्या यंत्रापासून, दूर, झाकण लावलेली. स्प्लायसरमध्ये विजेची ठिणगीच असते, आणि आयपीएची वाफ पेटते. फायबर पुसल्यावर ती पूर्ण वाळेपर्यंत थांबायचं.

तिसऱ्या मजल्यावर वहिनी चहा-पोहे घेऊन आल्या आणि जागा दिसली म्हणून ताट काळ्या चटईवरच ठेवायला निघाल्या. जोडणाऱ्यानं दोन्ही हात आडवे केले. त्यांना आधी वाईटच वाटलं. मग त्यानं बाटलीतला तुकडा उजेडाला धरून दाखवला. त्या वाकून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "आई गं, हे दिसत पण न्हाई की." चहा जिन्याच्या पायरीवर झाला, हात धुऊन. काम चालू असताना टेबलाजवळ खाणं नाही, डोळे चोळणं नाही. हे पोरांना शिकवायला फार वेळ लागतो, कारण धोका दिसत नाही आणि भूक लागलेली असते.

दवाखान्याचं रीडिंग

सगळीकडे उणे १७ ते १९ येत होतं. दवाखान्यात आलं उणे २५.६. यंत्र चालू होतं, हिरवा दिवाही होता. पुष्कळ लोक इथेच सही घेऊन निघतात. पण पट्ट्याच्या काठावर बसलेली जोडणी पहिल्या उन्हाळ्यात तक्रार घेऊन येते.

मळलेला कनेक्टर आणि दबलेली केबल यांच्यातला फरक दोन तरंगलांबींवर मोजला की कळतो. घाण असेल तर १३१० आणि १५५० वर साधारण सारखाच तोटा. वळण बसलं असेल तर १५५० वर तोटा कितीतरी जास्त. इथे १५५० वर मीटर पार कोसळला. मग लेझर पेन लावला, लाल उजेडाचा; केबल जिथे दबलेली असते तिथे हा उजेड बाहेर फुटतो. त्याच्याही टोकात बघायचं नसतं. दहा मिलिवॅटचे पेन सर्रास मिळतात आणि ते खेळणं नव्हेत. दवाखान्यातले दिवे बंद केले. स्वागताच्या टेबलामागे, प्लायवुडच्या पॅनेलच्या फटीतून भिंत लाल दिसत होती. फर्निचरवाल्यानं आम्ही गेल्यावर पॅनेल परत बसवताना केबल चौकटीखाली दाबून खिळा मारला होता. केबल बदलली, पॅनेलला छोटी खाच पाडून घेतली. उणे १८.२.

भोकं बुजवणं

केबल टाकून झाली, घराघरांत इंटरनेट चालू झालं की सगळ्यांच्या लेखी काम संपतं, आणि स्लॅबची भोकं उघडी राहतात. मीटरच्या डक्टमधलं गोणपाट असंच आलेलं. टेलिफोन डक्टमधली पाचही चौकोनी भोकं आम्ही आगरोधक रॉकवूल (दगडी लोकर) भरून वरून इंट्युमेसंट सीलंटनं बंद केली. हा सीलंट उष्णतेनं फुगतो आणि केबलचं आवरण जळून गेलं तरी ती जागा भरून काढतो. स्प्रेचा साधा पिवळा पीयू फोम स्वस्त आणि झटपट, पण तो स्वतःच पेटतो. सिमेंटनं बुजवलं तर पुढची केबल टाकताना छिन्नी लागते आणि छिन्नी जुन्या केबलवर बसते. काकांना प्रत्येक मजल्यावर फोटो काढून दिला, शेजारी तारखेची चिठ्ठी ठेवून. डक्टमधले झाडू, फिनेल आणि बांबू परत आत जाणार नाहीत हे त्यांनी सूचना फलकावर लावलं. बांबू सध्या गच्चीच्या जिन्यात आहेत, आणि तेही तिथे नकोत असं मी सांगून ठेवलंय.

हस्तांतराला एक कागद दिला: कुठला कोअर कुठल्या घराला, प्रत्येक घराचं रीडिंग, वाटेचा नकाशा, डब्याची किल्ली कुणाकडे. डब्यावर लेझरची खूण. पुढे दुसऱ्या कंपनीची माणसं आली तेव्हा त्यांनाही मीटरचा डक्टच सोपा वाटला होता. काकांनी तो कागद पुढे केला आणि राखीव कोअरवर बोट ठेवलं. जोडणी त्याच दिवशी झाली, ड्रिल न काढता.

दोन गोष्टी राहिल्या आहेत. मीटरच्या डक्टमधला जुना जुडगा अजून तिथेच आहे, कारण तो काढायला मेन बंद करून, सील असलेल्या पेट्या वीज कंपनीच्या माणसासमोर उघडाव्या लागतील, आणि त्या दिवशी दवाखाना आणि क्लास बंद ठेवावा लागेल. परीक्षा संपल्यावर, पावसाळ्याच्या आत, असं ठरलंय. परवानाधारक वायरमनचं एस्टिमेट आलं आहे, त्यात स्लॅबची भोकं बंद करण्याची वेगळी ओळ मी घालायला लावली. आणि गच्चीवरचा टीव्हीचा डबा. ऑपरेटरनं लाइन बंद केल्याचा फोन केला, पण लेखी दिलेलं नाही. तोवर टोपी, टेप आणि चिठ्ठी जागेवर आहे, आणि गच्चीच्या कुलपाची किल्ली मामांकडे.